चार चाकांचे बळ आणि एक लहानसा क्रॉस

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कडेने उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही जी तीन शहरे एकमेकांस जवळजवळ चिकटून वसली आहेत, त्यांची प्रकृती परस्परांहून भिन्न असली तरी यंत्राशी असलेला त्यांचा घरोबा सारखाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत कल्याणनजीक लष्कराने जी छावणी वसविली, तिच्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची राहण्याची तजवीज सरकारने केली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. तथापि कॅम्प नंबर एक ते पाच ही लष्करी मोजणी आजही तेथील रहिवाशांच्या पत्त्यांतून गेलेली नाही. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, त्याच्या जोडीला 1953 साली स्थापन झालेली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि पुढे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत यांच्यामुळे टर्नर, फिटर व मिलर यांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. बदलापूरच्या वाट्याला उल्हास नदी, बारवी धरणाचा रस्ता, कोंडेश्वर व चंदेरीच्या बाजूचे डोंगर आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल आला.

अशा मुलखात चारही चाकांना एंजिनाचे बळ पुरविणाऱ्या गाड्यांचा शौक वा गरज असणारी माणसे असावीत, यात नवल नाही. कोणाचे मुरबाडच्या वाटेवर आंब्याचे कलम असते, कोणाकडे ठेकेदारीचे काम असते, आणि कोणी केवळ हौसेपोटी लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली जुनी जीप, जोंगा किंवा जिप्सी दारात उभी केलेली असते. मात्र ही गाडी घेण्याची ऐपत व ती सांभाळण्याची ऐपत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मालकास पहिल्या दोन पावसाळ्यांत कळून चुकते. गाडीखालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला की तो गॅरेज गाठतो, तेथे ‘ट्रान्सफर केस उतरवावी लागेल’ किंवा ‘क्राऊन-पिनियन गेले’ असा निकाल ऐकतो, आणि त्या खर्चाचा अंदाज ऐकून गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवतो. वस्तुतः अशा पुष्कळशा तक्रारींच्या मुळाशी एक लहानसा, काही शेकडे रुपयांना मिळणारा आणि घरच्या अंगणात बदलता येण्याजोगा भाग असतो. युनिव्हर्सल जॉइंट, अर्थात गॅरेजच्या बोलीतील ‘क्रॉस’, हा तो भाग होय. त्याची रचना, त्याची झीज व त्याची घरगुती दुरुस्ती यांचा तपशील येथे देण्याचा विचार आहे.

ज्या महायुद्धाने कल्याणची छावणी वसविली त्याच महायुद्धाने जीपही जन्मास घातली. अमेरिकन सैन्याने 1940 साली हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदविली; बँटम कंपनीने पहिला नमुना सादर केला, परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादन विलिस व फोर्ड यांनी केले आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या तयार झाल्या. मुंबईत 1945 साली ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने सुरू झालेल्या आणि 1948 नंतर ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या पेढीने 1947 पासून विलिस जीपची जुळणी येथे आरंभिली. तीच परंपरा पुढे अनेक नमुन्यांतून थेट 2010 साली आलेल्या थारपर्यंत पोहोचली. 1985 साली बाजारात आलेली मारुतीची जिप्सी व जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सानच्या आराखड्यावरून बनलेली जोंगा यांची कुळे निराळी असली, तरी शक्ती चाकांपर्यंत नेण्याची त्यांची रीत मुळात तीच होती. जबलपूरचा तो कारखाना आणि अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ही दोन्ही 2021 सालच्या पुनर्रचनेनंतर आर्मर्ड व्हेइकल्स निगम या एकाच सरकारी कंपनीच्या अंमलाखाली आली आहेत.

आता शक्ती चाकांपर्यंत नेण्याची ही रीत पाहू. एंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये व तेथून ट्रान्सफर केस नामक दुसऱ्या एका पेटीत येते. सामान्य गाडीत ही पेटी नसते. तिच्यातून दोन दांडे निघतात: एक मागच्या एक्सलकडे व दुसरा पुढच्या एक्सलकडे. या दांड्यांस प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या टोकाशी असलेल्या क्राऊन-पिनियनच्या दंतचक्रांतून शक्तीला काटकोनात वळण मिळते व ती डाव्या-उजव्या चाकांत वाटली जाते. ट्रान्सफर केसच्या छोट्या तरफेने पुढचा शाफ्ट जोडता किंवा तोडता येतो, आणि ‘लो’ या स्थितीत चाकांची गती कमी करून पीळ, म्हणजेच टॉर्क, वाढविता येतो. ट्रान्सफर केस चौकटीला घट्ट बसलेली असते, पण एक्सल मात्र कमान-पाट्यांवर सतत खालीवर होत असतो. म्हणजे ज्या दोन वस्तूंना शाफ्टने जोडावयाचे त्यांची उंची व अंतर क्षणोक्षणी बदलते. ताठ दांडा तेथे पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकता येईल असा सांधा देतात, आणि लांबी कमीजास्त व्हावी म्हणून मध्ये खाचांची सरकती जोड ठेवतात.

हा वाकता सांधा म्हणजेच युनिव्हर्सल जॉइंट. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक या दोघांच्याही नावाने तो ओळखला जातो. एकमेकींशी काटकोनात बसविलेल्या दोन बिजागऱ्या कल्पिल्या तर त्याचे कार्य ध्यानात येईल. दोन बाजूंस दोन दुबेळकी योक, आणि त्यांच्या मध्ये अधिकच्या चिन्हासारखा चार भुजांचा पोलादी क्रॉस. प्रत्येक भुजेवर एक पोलादी वाटी बसते. वाटीच्या आतील कडेने सुईएवढे बारीक रोलर एकाला एक लागून उभे असतात आणि त्यांत ग्रीस भरलेले असते. दोन शाफ्ट, प्रत्येकी दोन क्रॉस, प्रत्येक क्रॉसला चार वाट्या, असा हिशेब केला तर जीपच्या पोटाखाली अशा सोळा वाट्या असतात, आणि त्यांपैकी एक जरी कोरडी पडली तरी तिचा आवाज चालकाच्या कानांपर्यंत पोहोचतो.

या सांध्याचा एक स्वभावदोष आहे, आणि तो ओळखल्याखेरीज दुरुस्तीत हात घालू नये. सांधा सरळ रेषेत असेल तर दोन्ही बाजूंची गती तंतोतंत सारखी राहते. पण तो वाकला की एकीकडची गती एकसारखी असूनही दुसरीकडची गती हेलकावे खाऊ लागते. समजा सांध्याचा कोन 10 अंश आहे व अलीकडचा दांडा मिनिटास 1000 फेरे एकसारखे घेत आहे. तर पलीकडच्या दांड्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा 1015 पर्यंत चढते व दोनदा 985 पर्यंत उतरते. कोन 20 अंशांचा झाला तर हेच हेलकावे सुमारे 940 ते 1064 इतके वाढतात. यावर अभियंत्यांनी योजलेला उपाय सोपा आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाशी असलेला सांधा पहिल्याच्या नेमका उलट हेलकावा देतो आणि दोघांची बेरीज शून्य होते. अट एवढीच की दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत आणि शाफ्टवरील दोन्ही योक एकाच पातळीत असावेत. सरकती जोड उपसून पुन्हा बसविताना ती एक-दोन खाचांनी जरी फिरली तरी ही बेरीज बिघडते, आणि क्रॉस नवा असूनही गाडी थरथरते. शाफ्टवर पुष्कळदा जे बाण कोरलेले आढळतात ते याचकरिता होत.

क्रॉसवर किती भार येतो याचीही कल्पना असावी. विलिस जीपच्या 60 अश्वशक्तीच्या एंजिनाचा पीळ जास्तीत जास्त साडेचौदा किलोग्रॅम-मीटर; पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे पावणेतीन पट आणि ट्रान्सफर केसच्या ‘लो’मध्ये आणखी अडीच पट होतो. म्हणजे शाफ्टपर्यंत येता येता त्याची मजल 100 किलोग्रॅम-मीटरच्या आसपास जाते. चारही चाके जमिनीवर पकड घेऊन असली तर हा भार दोन शाफ्टांत वाटला जातो. पण पुढची चाके चिखलात निसटली तर तो बहुतेक सगळा एकट्या मागच्या शाफ्टवर, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जाडीच्या चार भुजांवर येऊन पडतो.

इतका भार सोसूनही वेळच्या वेळी ग्रीस मिळालेला क्रॉस वर्षानुवर्षे टिकतो. तो झिजतो त्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण कोरडेपणा. वाटीतील रोलर चाकाच्या बेअरिंगप्रमाणे गोल गोल फिरत नाहीत. सांध्याच्या कोनाइतकेच ते मागेपुढे डोलतात. ग्रीस संपले की ते त्याच त्याच जागी घासून भुजेवर एकमेकांशी समांतर अशा बारीक खाचा पाडतात, आणि त्या एकदा पडल्या की कितीही ग्रीस भरले तरी झीज मागे फिरत नाही.

दुसरे कारण पाणी, आणि बदलापूरकरांस ते निराळे सांगावयास नको. 26 जुलै 2005 चा महापूर, किंवा 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले तो प्रसंग, हे अपवाद म्हणून सोडून दिले तरी उल्हासच्या काठच्या सखल वस्त्यांत गाडीचे एक्सल पाण्याखाली जाणे ही पावसाळ्यातील नित्याची बाब आहे. येथे एक साधा भौतिक नियम काम करतो. धावून तापलेल्या एक्सलच्या हाऊसिंगमधील हवा, गाडी थंड पाण्यात शिरताच, आकुंचन पावते. हवा घेण्याची वरची नळी चिखलाने बुजली असेल तर ती पोकळी भरून काढण्यासाठी ऑइल सीलमधून पाणीच आत ओढले जाते. तेल चहात दूध पडल्यागत पांढुरके दिसू लागले तर पाणी शिरले असे निश्चित समजावे. क्रॉसच्या रबरी सीलमधूनही पाणी व गाळ असाच आत जातो आणि ग्रीस धुऊन काढतो.

तिसरे कारण चालकाच्या सवयीत आहे. जुन्या जीप, जिप्सी वा थार यांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या व मागच्या एक्सलमधील गतीचा फरक पचविणारी योजना नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात; चिखलात चाके किंचित घसरून हा फरक मिटवितात, परंतु कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ शाफ्ट व क्रॉस यांत साठत जातो. तरफ मग इतकी घट्ट बसते की ती ओढूनही निघत नाही. गाडी थोडी उलटी घेतल्यावरच सुटते. काटई-बदलापूर रस्त्यावर ‘फोर-व्हील’ लावून धावणारा मनुष्य स्वतःच्या खिशाला कात्री लावीत असतो. पुढे व मागे निरनिराळ्या मापाचे वा झिजेचे टायर बसविल्यानेही हेच घडते. तेव्हा दोनच टायर बदलून वाचविलेले पैसे पुढे क्रॉस, दंतचक्रे व डिझेल यांच्या खात्यावर खर्ची पडतात.

रोगाचे निदान बिनखर्चाचे आहे. गाडी सावकाश निघताना लयीत येणारा ‘चिक्-चिक्’ हा आवाज कोरड्या वाटीचा. क्लच सोडताना किंवा पुढून मागे गिअर टाकताना येणारा ‘टक्’ हा ढिलाईचा. आणि वेग वाढताच पायाखालच्या पत्र्याला येणारी थरथर ही बहुधा वाकड्या, असंतुलित किंवा चुकीच्या पातळीत जोडलेल्या शाफ्टची असते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, गिअर न्यूट्रलला ठेवावा, हँडब्रेक सोडावा, आणि खाली शिरून एका हाताने शाफ्ट व दुसऱ्या हाताने त्याच्या शेजारचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडलेला असतो तो भाग, धरून शाफ्टला पीळ द्यावा. फ्लँज स्थिर राहून शाफ्ट हलला तर क्रॉस गेला. दोन्ही मिळून हलले आणि पलीकडे हाऊसिंगच्या आत ‘कट्’ झाले तर ढिलाई दंतचक्रांची आहे. वाटीच्या कडेला विटेच्या भुकटीसारखी तांबूस पूड दिसली तर आतले ग्रीस केव्हाच संपले असून पोलाद गंजत आहे, असे समजावे. एवढी परीक्षा करून जो गॅरेजात जातो त्याला ‘ट्रान्सफर केस उतरवा’ हा हुकूम मुकाट्याने मानावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. त्यास पाने, पक्कड, हातोडी, ग्रीस गन, एक मजबूत व्हाइस आणि निरनिराळ्या मापांचे दोन-चार सॉकेट एवढी सामग्री पुरते. व्हाइस नसेल तर मोठा जी-क्लॅम्प चालतो. आरंभीच एक धोका सांगून ठेवला पाहिजे. विलिस व तिच्या वंशातील जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील बाजूस शाफ्टच्या तोंडाशी असतो. सबब मागचा शाफ्ट सुटला की गिअर व हँडब्रेक या दोहोंचाही चाकांवरील ताबा एकदम जातो. चाकांना लावलेले दगड हाच तेव्हा एकमेव बंदोबस्त असतो. गाडी उचलणे भाग पडले तर ती केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. लोखंडी घोड्यांवर टेकवावी.

शाफ्ट सोडण्यापूर्वी फ्लँज, योक आणि सरकत्या जोडीचे दोन्ही भाग यांवर रंगाने किंवा पंचाने समोरासमोर खुणा कराव्यात, म्हणजे कारखान्यातून ज्या पातळीत तो आला त्याच पातळीत परत बसेल. मग बोल्ट सोडावेत. शाफ्ट हाती आल्यावर तो घासलेटाने व तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावा. हे काळे घासलेट गटारात ओतू नये, कारण उल्हासनगर-अंबरनाथची गटारे जिला मिळतात त्या वालधुनी नदीच्या पदरात आधीच पुरेसे पडले आहे. वाट्यांना अडवून धरणारी अर्धवर्तुळाकार लॉके पकडीने काढावीत. त्यानंतर एका वाटीवर वाटीहून लहान सॉकेट व समोरच्या वाटीवर ती सामावेल असे मोठे सॉकेट ठेवून व्हाइस आवळावा. लहान सॉकेट दाबते आणि पलीकडची वाटी मोठ्या सॉकेटच्या पोकळीत बाहेर येते. बाजू उलटून तेच करावे. शाफ्टची नळी व्हाइसमध्ये आवळू नये, तिच्यावर हातोडी मारू नये आणि गंजलेली वाटी सुटावी म्हणून योकला गॅसची ज्योत लावू नये. नळीला पोचा आला की शाफ्टचे संतुलन जाते आणि तापलेल्या योकचे पाणी उतरते. रात्रभर तेलात भिजत ठेवणे हा त्यावरचा सोपा इलाज आहे.

नवा क्रॉस बसविताना घाई नडते ती एकाच जागी. वाटीतील सुया केवळ ग्रीसच्या चिकटपणाने उभ्या असतात, आणि क्रॉस आत सरकविताना भुजेचा किंचित धक्का लागला तरी एखादी सुई आडवी होऊन वाटीच्या तळाशी पडते. बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त वाटी शेवटचा दोरा-दोन दोरे आत जाण्यास नकार देते आणि लॉकाची खाच उघडी होत नाही. अशा वेळी व्हाइस अधिक जोराने आवळणारा मनुष्य नवी वाटी फोडतो. शहाणा मनुष्य वाटी काढतो, सुई उभी करतो, थोडे ग्रीस अधिक लावतो आणि पुन्हा आरंभ करतो. ग्रीस निपल शाफ्टच्या नळीकडे तोंड करून व गन पोहोचेल अशा बाजूस असावे. चारही लॉके खाचेत पूर्ण बसल्याची खात्री झाल्यावर योकच्या कानांवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे वाट्या बाहेरच्या अंगास लॉकाला टेकतात व क्रॉस मोकळा होतो. तो दोन्ही दिशांनी हाताने अडखळल्यावाचून डोलला पाहिजे, पण त्यात खडखड असता कामा नये. शेवटी चारही सीलांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवावी. तीनच बाजूंनी ग्रीस आले तर चौथी वाटी उपाशी राहिली आहे. लिथियमयुक्त दोन नंबरचे ग्रीस या कामास योग्य. बोल्ट मूळच्याच प्रतीचे घ्यावेत, समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि शंभरेक किलोमीटर चालविल्यावर ते पुन्हा तपासावेत.

काटकसर करणाऱ्यास येथे आणखी एक सवलत आहे. बिघाड पुढच्या शाफ्टचा असेल तर तो काढून ठेवून, अशा जुन्या पद्धतीची गाडी मागच्या दोन चाकांवर रोजच्या कामास खुशाल वापरता येते, आणि सुटा भाग मिळेपर्यंतचा काळ फुकट जात नाही. ही सवलत चारही चाके कायमची जोडलेल्या नव्या गाड्यांना नाही; त्यांच्यातील शाफ्ट काढला तर गाडी जागची हलणार नाही, अथवा आतील महाग यंत्रणा बिघडेल. काही नव्या गाड्यांत क्रॉस योकमध्ये कायमचा ठोकून बसविलेला असतो. तेथे संपूर्ण शाफ्टच बदलावा लागतो.

सुट्या भागांच्या खरेदीत विवेक हवा. जुना योक, जुना फ्लँज किंवा अख्खा जुना शाफ्ट कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणण्यास प्रत्यवाय नाही, कारण त्यांची झीज डोळ्यांनी पाहता व कॅलिपरने मोजता येते. जुना क्रॉस मात्र कधीही घेऊ नये, आणि नवा घेताना नमुना सोबत न्यावा. वाटीचा व्यास व दोन विरुद्ध वाट्यांमधील अंतर ही दोन मापे जुळली पाहिजेत. नामांकित कंपनीचा क्रॉस व तिची नक्कल यांच्या किमतीतील फरक एका वेळच्या डिझेलइतकाच असतो. नकलेचे पोलाद मऊ निघाले तर तेच काम पुढील पावसाळ्यात पुन्हा करावे लागते.

घरी काय करू नये हे ठरविणे हाही किफायतीचाच भाग होय. वाटी योकच्या भोकात सैल फिरत असेल, सरकत्या जोडीच्या खाचा झिजल्या असतील किंवा शाफ्ट वाकला असेल, तर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत वा उल्हासनगरच्या कॅम्पांत लेथ व संतुलनयंत्र चालविणाऱ्या कारागिराकडे त्याची रवानगी करावी. क्राऊन-पिनियनची बैठक तर घरी मुळीच उघडू नये. दोन दंतचक्रांमधील मोकळीक मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावी लागते, आणि डायल गेजशिवाय अंदाजाने केलेली जुळणी थोड्याच दिवसांत ओरडू लागते. असे असूनही शाफ्ट स्वतः सोडून नेला व काम झाल्यावर स्वतः बसविला, तर मजुरीचा मोठा भाग वाचतोच.

टाळाटाळ मात्र सर्वांत महाग पडते. ढिला क्रॉस एके दिवशी तुटतो, आणि मागच्या शाफ्टचे पुढचे टोक धावत्या गाडीखाली सुटून रस्त्यात रुतले तर गाडीच उचलली जाऊन उलटण्याचा संभव असतो. त्या खालोखालचे नुकसान म्हणजे मोकाट फिरणारा शाफ्ट ब्रेकच्या नळ्या व टाकी फोडतो. जुन्या जीपच्या पुस्तिकांत दर 1000 मैलांनी ग्रीस देण्याचा दंडक घातला होता तो उगाच नव्हे. तेव्हा या तीन शहरांतील जीपवाल्यांना एवढेच सुचवावयाचे आहे: मृगाच्या आधी एकदा आणि गाडी पाण्यातून गेल्यावर प्रत्येक वेळी ग्रीस गन घेऊन खाली शिरावे, चारही क्रॉस हाताने पिळून पाहावेत, एक्सलच्या हवेच्या नळ्या मोकळ्या कराव्यात, आणि जो क्रॉस ढिला आढळेल तो त्याच आठवड्यात बदलावा.